बिनखिळ्याची चप्पल

चपला शिवणाऱ्या माणसाला एक वाक्य जन्मभर ऐकावं लागतं. "चावते हो ही!" बाजारात बसणाऱ्या कोणत्याही कारागिराला विचारून पाहा. नवी चप्पल नेलेला माणूस तिसऱ्या दिवशी तोंड वाकडं करून परत येतो, पाय पुढं करतो आणि चारचौघांत तुमच्या हाताची अब्रू काढतो. मी आदिलाबाद जिल्ह्यात तीसेक वर्षं चपला शिवल्या. पहिली कित्येक वर्षं गेली, पण माझ्या एकाही गिऱ्हाइकानं हे वाक्य उच्चारलं नाही.

तुम्ही म्हणाल, काय हात असेल या किसनचा! थांबा, कौतुक आवरा. मी इचोड्याहून उटनूरकडे जाणाऱ्या वाटेवरच्या एका मिशनच्या दवाखान्यात नोकरीला होतो. दवाखाना महारोग्यांचा. आता कुष्ठरोग म्हणायचं, तेव्हा सगळे महारोगच म्हणत. माझ्या गिऱ्हाइकांना चप्पल चावत नव्हती असं नाही. चावत होती, पण त्यांना ते कळत नव्हतं.

हे नीट सांगायला हवं, कारण आजही लोकांना वाटतं की या रोगात बोटं आपोआप झडतात. तसं काही नाही. रोग नसेला धरतो, आणि नस मेली की त्या जागेचं दुखणं संपतं. गोळ्यांनी रोग जातो, मेलेली नस परत येत नाही. मग माणूस पेटत्या चुलीला पाय लावून बसतो, पायात बाभळीचा काटा घेऊन आठवडी बाजार फिरून येतो. तुमची-माझी चप्पल चावली तर आपण लंगडतो, शिव्या घालतो, काढून हातात घेतो. माझं गिऱ्हाईक त्याच चपलेत तीन कोस चालायचं. जखम व्हायची, चिघळायची, हाडापर्यंत जायची, आणि शेवटी पाय कापायची पाळी यायची. म्हणून आमच्या चपलेचं सगळंच वेगळं. आत मऊ काळं रबर, खाली लारीच्या जुन्या टायरचा तळ, मागून टाचेला पट्टा. पट्टा कशाला, तर पायातून चप्पल निसटली तरी या लोकांना पत्ता लागत नाही.

नोकरी लागली तेव्हा घरात मोठा तमाशा झाला. आमचं गाव पैनगंगेच्या अलीकडचं. बाप दुसऱ्याच्या शेतात राबणारा, पण दीक्षा घेतल्यापासून ताठ मानेचा. म्हणाला, "आमी मेलेलं ढोर ओढणं सोडलं, कातड्याचा वास सोडला, अन् तू शिकूनसवरून पुन्हा तेच करून राह्यला?" मी म्हणालो, "दादा, कातडं नाही, रबर हाये." बाप दोन महिने माझ्याशी बोलला नाही.

त्याचा राग गेला तो एका गमतीनं. दवाखान्याच्या आवारात देऊळ होतं, म्हणजे त्यांचं प्रार्थनेचं. पास्टर तेलुगूत बोलायचे. नाताळाला आम्हा सगळ्या नोकरांना बोलावणं असायचं, एरवीही एखाद्या रविवारी मी मागं जाऊन बसायचो. तेलुगू मला बाजारापुरती येत होती, पण एक शब्द दर वेळी कानावर पडायचा, आणि तो तर आपलाच. श्रम. क्रीस्तूचे श्रम, प्रभूनं श्रम केले, श्रमांत आपणही वाटा घ्यावा. येशू सुताराच्या घरचा, हे मला ठाऊक होतं. मी घरी जाऊन बापाला सांगितलं, "दादा, त्यांचा देव कामकरी हाये. देवळात त्याच्या मेहनतीचंच गुणगान करतात." बाप बराच वेळ तंबाखू मळत राहिला. मग म्हणाला, "मंग चांगला हाये त्यांचा देव." त्या दिवसापासून माझ्या नोकरीला त्याची हरकत राहिली नाही. हा शब्द पुढं माझ्या गळ्याशी येणार होता, पण तेव्हा कोणाला माहीत.

आता माझी पहिली चूक सांगतो. मोचीकामात बारीक खिळ्याला चूकच म्हणतात, तेव्हा हा शब्द दोन्ही अर्थांनी घ्या. मी नवा होतो. इचोड्याच्या एका लारी ड्रायव्हरची चप्पल करताना पट्टा बसेना, म्हणून मी टाचेपाशी एक चूक ठोकून दिली आणि विसरलो. चार दिवसांनी तो हसत आला. "किसनभाऊ, पट्टा ढिल्ला झाला, जरा पाहा ना." मी चप्पल ओढली तर ती निघेना. त्या खिळ्यानं चप्पल त्याच्या टाचेला जोडली गेली होती. तो निर्मल, आदिलाबाद, पुन्हा निर्मल असा चार दिवस क्लच दाबत फिरला होता. आणि हसून बोलत होता हो, त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं! मी मागच्या दारानं बाहेर जाऊन ओकलो.

आमच्या मोठ्या डॉक्टर गुंटूरकडच्या होत्या. सगळे त्यांना डॉक्टरम्मा म्हणत. त्या मला रागावल्या नाहीत. त्यांनी ड्रायव्हरची टाच धुतली, पट्टी बांधली, मग माझ्या खोलीत येऊन चुकांचा डबा उचलला आणि घेऊन गेल्या. तो डबा मी पुन्हा पाहिला नाही. त्या दिवसापासून माझ्या हातून गेलेली प्रत्येक चप्पल बिनखिळ्याची, नुसत्या टाक्यांची आणि चिकटवलेली. कुणी घाई करायला लागला तर मी स्वच्छ सांगायचो, की चिकटायला वेळ लागतो, बसा तिकडं झाडाखाली.

गिऱ्हाइकं एकेक नमुने होती. निर्मलचा खेळणी रंगवणारा एक कारागीर होता. आमची काळी चप्पल पाहिली की लोक लांबूनच ओळखायचे, हॉटेलवाला कपबशी वेगळी काढायचा. या पठ्ठ्यानं काय करावं? चपलेच्या पट्ट्यांवर रंगानं मोर काढले, कडेनं सोनेरी वेल काढली, आणि बाजारात मिरवत हिंडला. लोकांनी विचारलं, कुठून घेतली? म्हणाला, "हैदराबादची फॅशन हाये." दवाखान्यात आला तेव्हा डॉक्टरम्मा पोट धरून हसल्या. मी मात्र खजील झालो. पाय वाचवायचं सगळं मी शिकलो होतो, पण आपली चप्पल घालून माणसाला बाजारातून मान वर करून जाता आलं पाहिजे, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. पुढं मी तपकिरी पट्टे मागवायला लागलो, पण त्याला फार वर्षं लागली. ही खंत आहेच.

शांतम्मा या सगळ्यांत निराळी. मूळची मराठी घरातली शांताबाई, आमच्याच बाजूच्या गावची. लग्न तेलुगू ख्रिस्ती माणसाशी झालं, तेव्हा ती शांतम्मा झाली. नवरा लवकर गेला. ती उटनूरकडच्या वाड्या-वस्त्यांतून पायी फिरून सुवार्ता सांगायची. पिशवीत शास्त्र म्हणजे बायबल, गाण्यांची वही आणि थोडी सुपारी. आजारी बायकांचं डोकं दाबून द्यायची, बाळंतिणीला पेज करून द्यायची, आणि मग येशूचं गाणं म्हणायची. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी, म्हणून मला किसन्या म्हणायची आणि मी गुमान ऐकून घ्यायचो.

तिचा रोग गोळ्यांनी बरा झाला होता. डावा पाय मात्र आधीच बधिर झालेला. त्याला जखम झाली, सहा आठवडे खाटेवर राहून ती भरली, आणि डॉक्टरम्मांनी तिला माझ्याकडं मापाला पाठवलं. उजवा पाय चांगला होता. डॉक्टरम्मांनी मला बजावलं होतं, "किशन, गोळ्या संपल्या तरी कधी कधी अंग बिथरतं. नस सुजते, ठणकते. ते दुखणं लगेच कळलं तर पाय वाचतो. पेशंट जे बोलेल ते कार्डावर लिही." माझ्याकडं प्रत्येकाचं कार्ड असायचं आणि त्यावर दुखण्याचा रकाना होता. बहुतेक कार्डांवर तो रकाना कोराच.

मी कागद अंथरला. तिचा डावा पाय ठेवून कडेनं पेन्सिल फिरवली. मग उजवा घोटा धरून उचलला, तशी तिनं श्वास ओढला आणि डोळे मिटले.

"काय झालं?" मी म्हणालो.

"काही नाही रे."

"दुखते काय?"

"श्रमाचे दिवस लागले ना आता," ती म्हणाली. "पायाले श्रम हायेत. चालायचंच."

"मंग जरा कमी हिंडत जा ना शांतम्मा. आराम करा."

ती माझ्याकडं बघून हसली, जसं लहान मुलाकडं बघून हसतात. "या दिवसांत आराम कोन करते, येड्या?"

मला वाटलं, सणाआधी गावोगाव फिरणं वाढलं असेल, बाई दमली आहे. मी रकाना कोरा ठेवला. चप्पल मात्र जीव ओतून केली. ती नेताना तिनं चप्पल पायात घातली नाही, फडक्यात गुंडाळून शास्त्राशेजारी पिशवीत ठेवली. मी ओरडलो, "आवं, पायात घाला ना!" म्हणाली, "घालीन ना, दिवस सरले का घालीन." मला वाटलं नव्या वस्तूचं कौतुक असेल, मुहूर्त बघत असेल.

चार आठवड्यांनी ती आली ती अनवाणी, लंगडत नव्हती पण पाय फेंगडा टाकत होती. उजव्या तळव्यातून रक्त येत होतं. डॉक्टरम्मांनी चिमट्यानं अर्ध्या बोटाएवढा काटा बाहेर काढला. शांतम्मा शांतपणे बघत होती. डॉक्टरम्मांचा चेहरा उतरला. त्यांनी तिला डोळे मिटायला लावले आणि पेनाच्या टोकानं तळव्याला जागोजागी स्पर्श केला. "कळलं की बोट दाखव." शांतम्माचं बोट हललं नाही. घोट्यामागची नस दोरीसारखी जाड झाली होती. चांगला पाय गेला होता.

"ठणकायला कधी लागलं?" डॉक्टरम्मांनी तेलुगूत विचारलं.

"महिना झाला असन. सुरीनं कापल्यावानी व्हायचं. आता काही नाही."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगतलं ना. किसन्याले सांगतलं." तिनं माझ्याकडं बोट केलं. "श्रम हाये म्हनलं होतं मी."

डॉक्टरम्मा माझ्याकडं वळल्या. "नुव्वु रायलेदा? तू लिहिलं नाहीस?"

मी चाचरत म्हणालो, "डॉक्टरम्मा, त्या कामाचं बोलत होत्या. श्रमाचं. मेहनतीचं."

मग डॉक्टरम्मांनी चष्मा काढला आणि सावकाश मला सांगितलं. तेलुगू ख्रिस्ती बोलीत श्रम म्हणजे मेहनत नव्हे. श्रम म्हणजे यातना, भोग. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस ते श्रमांचे दिवस, म्हणजे प्रभूच्या यातनांचे. त्या दिवसांत पुष्कळ जण मांस सोडतात, काही जण चपला सोडतात. शांतम्माचा धर्म तेलुगूतून आलेला, त्यामुळे मराठी बोलतानाही तिचे धर्माचे शब्द तेलुगूच. तिनं मला सरळ सांगितलं होतं की माझ्या पायाला यातना होत आहेत, आणि मी तिला आराम करा म्हणून मोकळा झालो होतो. इतकी वर्षं देवळात मागं बसून मी ज्याला कामकरी देवाचं गुणगान समजत होतो, ते सगळं खिळ्यांचं आणि काट्यांचं वर्णन होतं! पण त्या वेळी हसू आलं नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

डॉक्टरम्मांनी दुसऱ्या गोळ्या सुरू केल्या. म्हणाल्या, "नस नुकतीच गेली आहे. गोळ्या, पायाला फळी आणि खाट. नशिबानं परत येईल. पण या पायावर आता चालली तर दोन्ही पाय गेले समज."

शांतम्मानं मान हलवली. "उत्तम शुक्रवार झाल्यावर खाटेवर पडते. शुक्रवारी क्रूस घेऊन वस्तीवस्तीतून फेरी निघते. लग्न होऊन आली तवापासून मी त्यात अनवानी चालते. एक वर्ष चुकलं नाही."

शुक्रवार दहा दिवसांवर होता. डॉक्टरम्मांनी समजावलं, रागावल्या. पास्टर येऊन सांगून गेले की प्रभूला तुझा पाय नको आहे. ती सगळ्यांचं ऐकायची, हो म्हणायची, आणि पाठ वळली की फळी सोडून खाटेखाली ठेवायची. तिसऱ्या दिवशी डॉक्टरम्मांनी हात टेकले.

त्या दुपारी मी वॉर्डात गेलो. खरं तर माफी मागायला गेलो होतो. पण खाटेखालची फळी दिसली आणि माझं डोकं फिरलं. माझा स्वभाव मुळात तापट, त्यात मनाला टोचणी लागलेली.

"काऊन सोडली ही?" मी म्हणालो.

"किसन्या, तू नको शिकवू. प्रभूच्या पायात खिळे ठोकले होते. माह्या पायात एक काटा गेला त काय झालं?"

खिळ्याचं नाव निघालं आणि मला तो ड्रायव्हर आठवला. मी त्याची सगळी हकीकत तिला सांगितली. माझी चूक, त्याचे चार दिवस, त्याचं हसणं. मग विचारलं, "शांतम्मा, तुमच्या प्रभूले खिळे ठोकले तवा दुखलं का नाही?"

"दुखलं ना रे! मोठ्यानं हाका मारल्या त्यानं."

"मंग तुमाले काटा गेला तवा?"

तिनं उजवा पाय चादरीखाली ओढून घेतला.

"त्याले दुखलं. तुमाले दुखत नाही. रस्त्यावरचा दगडबी चाळीस दिवस उन्हात अनवानीच पडून राहते, त्यानं प्रभूले काय देल्लं? मी बौद्धाच्या घरचा मानूस, मले तुमचं शास्त्र नाही कळत. पन माह्या ड्रायव्हरनं चार दिवस खिळा सोसला, त्याले कोनी पुन्य नाही देल्लं. फक्त टाच सडली."

बोलून गेलो आणि जीभ चावली. आजारी बाईला हे बोलायचं होतं का? शांतम्माच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. त्या बाईला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. ती म्हणाली, "तवा ठणकत होतं ना रे, तवा मले लई बरं वाटायचं. रोज म्हनायची, प्रभू, हे तुह्यासाठी. डॉक्टरम्मानं गोळी देल्ली असती त थांबलं असतं, म्हून त्यायले नाही सांगतलं. तू विचारलं तवा खोटं नाही बोलवलं. आता तेबी गेलं. दुखतच नाही त मी काय देऊ त्याले?"

आमच्या विहारातही दुःखापासूनच सुरुवात करतात, पण मी तिथंही मागंच बसणारा. मी तिच्या खाटेशी जमिनीवर बसलो. डोक्यात तोच एक शब्द घोळत होता, ज्यानं घात केला होता.

"शांतम्मा," मी म्हणालो, "तुमच्या मायच्या भाषेत श्रम म्हंजे काय?"

"काम. कष्ट."

"मंग तेच द्या. रोज सांजच्याला पाय पाहायचा. पान्यात भिजवायचा, घासायचा, तेल लावायचं. फळी बांधून पडून राहायचं. बरं वाटलं का चप्पल घालूनच पाय खाली ठेवायचा. चाळीस दिवस नाही, जलमभर. हे काम लई किचकट हाये, भल्याभल्यांले जमत नाही, कटाळतात. तुमी करून दाखवा."

ती डोळे पुसत माझ्याकडं बघत राहिली. मग नाक ओढून म्हणाली, "किसन्या, तू पास्टर काऊन नाही झाला रे?" आणि म्हणाली, "दे ती फळी."

मी फळी बांधली. पहिली गाठ सुटली. दुसऱ्यांदा तिनंच धरून ठेवली.

उत्तम शुक्रवारी शांतम्मा फेरीत गेली ती बैलगाडीतून. दोन्ही पाय गादीवर, उजव्याला फळी, डाव्यात माझी चप्पल. गाडी फेरीच्या पुढं, आणि सगळ्यांत मोठा आवाज हिचाच. एका वस्तीत बायकांनी विचारलं, औंदा चालून नाही राह्यली? तर म्हणाली, "औंदा श्रम मराठीत करून राह्यली मी." कोणाला काही कळलं नाही. मी गाडीमागून चालत होतो, मला कळलं.

त्यानंतरचे महिने वाईट गेले. दर महिन्याला डॉक्टरम्मा तिला डोळे मिटायला लावायच्या आणि पेनाचं टोक तळव्यावर टेकवायच्या. मी काही ना काही निमित्त काढून दारात उभा राहायचो. पहिला महिना, काही नाही. दुसरा, काही नाही. तिसऱ्या महिन्यात तिनं एकदा बोट दाखवलं, पण भलत्याच जागी. डॉक्टरम्मा म्हणाल्या होत्या की सहा महिन्यांत आली नाही तर ती नस विसरा. मी घरी जेवायला बसलो की बायको विचारायची, आज काय झालं? मी ताटावरून उठायचो. त्या बाईचं पोट पायावर होतं, सगळं जगणंच पायावर होतं. कार्डावर दोन शब्द लिहिले असते तर हे झालंच नसतं, हे मला कोणी म्हणालं नाही. शांतम्मा तर नाहीच. तिनं एकदाही म्हटलं नाही, आणि तेच फार लागायचं.

तिनं मात्र आपलं काम सोडलं नाही. रोज सांजेला बादली, घासायचा दगड, तेलाची वाटी. वॉर्डातल्या इतर बायकांनाही ओढून बसवायची, गाणं म्हणत सगळ्यांचे पाय भिजवायची. पाचव्या महिन्यात तिला घरी सोडलं. जाताना मी दोन्ही पायांची नवी चप्पल दिली. उजव्याचं माप मी फार काळजीनं घेतलं होतं, आणि काळजी जास्त झाली की हात चुकतो, तसं करंगळीपाशी अंमळ तंग झालं होतं. माझ्या ते लक्षात आलं नाही.

दसरा जवळ आला होता. मी खोलीत रापीनं टायर कापत बसलो होतो, बाकावर चार-पाच पेशंट होते. तेवढ्यात बाहेरून आवाज आला. "कुठं हाये तो किसन्या?" शांतम्मा दारात उभी. डावी चप्पल पायात, उजवी हातात. ती तिनं माझ्यासमोर आपटली.

"डोळे फुटले होते काय रे शिवताना? हे काय करून ठेवलं?"

"काय झालं?"

"काय झालं म्हून विचारते! करंगळीपाशी चावून राह्यली ना ही! दोन कोस आली मी लंगडत."

माझ्या हातातली रापी खाली पडली. "काय म्हनलं?"

"चावते म्हनलं! बहिरा झाला काय?"

बाकावरचे लोक बघतच राहिले. मी ओरडत व्हरांड्यातून पळालो, "डॉक्टरम्मा! चावली! चप्पल चावली!" डॉक्टरम्मा ऑपरेशनच्या खोलीतून हातमोज्यांसकट बाहेर आल्या. त्यांना वाटलं, कोणाला साप चावला. मला धड सांगताही येईना. हसत होतो की रडत होतो, मलाच ठाऊक नाही. एवढं खरं, की सहा महिन्यांनी माझा जीव भांड्यात पडला.

डॉक्टरम्मांनी पेन काढलं. शांतम्मानं डोळे मिटले. टाच, बोट दाखवलं. अंगठ्याखाली, बोट दाखवलं. मध्ये थोडं चुकली, करंगळीपाशी तर पेन टेकायच्या आत पाय मागं घेतला. डॉक्टरम्मांनी पेन माझ्या हातात दिलं, खुर्चीत बसल्या आणि हातमोज्यानंच डोळे पुसले. डाव्या पायाची नस गेली ती गेलीच, पण उजवा पाय शांतम्मा पुढं बरीच वर्षं वापरत होती.

मी कार्ड काढलं आणि दुखण्याच्या रकान्यात मोठ्या अक्षरांत लिहिलं, "चप्पल चावते." मग खाली बसून तिचा पाय मांडीवर घेतला. करंगळीच्या बाजूला फोड आला होता, लालभडक. इतका सुंदर फोड मी आयुष्यात पाहिला नव्हता. मी अंगठ्यानं त्याच्या कडेला हलकं दाबलं.

"आई गं!" शांतम्मा कळवळली. मी घाबरून हात काढला. ती पायाकडं बघत राहिली, मग माझ्याकडं.

"किसन्या," ती हळूच म्हणाली, "अजून एक डाव दाब ना रे."